धरणावरचा भाऊ

“माझ्या होडीला हात लावू नकोस, ऑरिन. धरणाचं मीठ खाल्लेला खांदा तिला नको.”

लेनोरा हे सगळ्यांदेखत म्हणाली. समुद्रापासून एकोणचाळीस दिवस प्रवाहाविरुद्ध वल्हवत, सॅल्मन मासे अंडी घालायला ज्या वाटेने घरी परततात त्याच वाटेने ती आणि तिचे अकरा सोबती इथवर आले होते. या माशांना त्यांची नदी परत द्या, एवढंच ते गावोगाव सांगत होते. आता स्नेक नदीवरची ही धरणाची भिंत आडवी आली होती आणि देवदाराची अवजड होडी खांद्यावरून वरच्या पाण्यापर्यंत न्यायची होती. तिचा थोरला भाऊ पाळी संपताच धावत आला होता... अंगात धरणाचाच खाकी गणवेश.

ऑरिनचा हात हवेतच राहिला. बावीस वर्षं त्या भिंतीच्या पोटातल्या काचेच्या खिडकीशी बसून तो धरण ओलांडण्यासाठी बांधलेल्या पाण्याच्या पायऱ्या चढून जाणारे मासे मोजत आला होता आणि तेवढीच वर्षं धाकट्या बहिणीचा अबोला मुकाट गिळत आला होता. आईच्या अंत्यविधीला ती कॉलेजातून आली, भावाच्या अंगावर हा गणवेश पाहिला आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. पण आज, परक्यांसमोर... त्याच्या छातीत इतक्या वर्षांचा संताप उसळून आला.

“ते मीठ कुणासाठी खाल्लं, हे विचारलंस कधी?” तो म्हणाला. “आईची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा यंत्रावर घ्यावं लागायचं तिला, आणि ते यंत्र फक्त या धरणाच्या गावात होतं. मग नोकरी कुठे धरायची होती मी?”

“खोटं. मग मला का नाही कळवलंस? ती जिवंत असताना शेवटचं भेटूही दिलं नाहीस...”

“तिनेच शपथ घातली. म्हणाली, लेनोराला कळलं तर शिक्षण टाकून येईल. तिला नदीसाठी भांडायचंय, तिला शिकू दे, तू सोस. सोसलं मी. तू वर्तमानपत्रात मला विकला गेलेला म्हणालीस, तेही सोसलं. माझ्या पोरीने ते शाळेत वाचलं, लेनोरा.”

लेनोराने होडीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मामांकडे पाहिलं. एबेनमामांनी मान खाली घातली.

“खरं आहे पोरी. तिने मलाही गप्प बसवलं होतं.”

लेनोराच्या हातातलं वल्हं गळून पडलं. पलीकडे धरणाचा अधिकारी जमलेल्या वार्ताहरांना हसतमुखाने सांगत होता की, माशांच्या पायऱ्या उत्तम चालल्या आहेत, काळजीचं कारण नाही. ते शब्द कानावर पडताच तिने डोळे उचलले.

“आज किती मोजलेस?” तिने भावाला विचारलं.

“आठ तासांत सतरा.”

“आणि पहिल्या वर्षी?”

“पहिल्या वर्षी मान वर करायला उसंत नसायची.”

“ऑरिन,” अधिकारी दरडावून म्हणाला, “गणवेशात असताना एक शब्द बोलायचा नाही.”

ऑरिनने शांतपणे सदऱ्याची बटणं काढली, सदरा घडी करून अधिकाऱ्याच्या हातात दिला आणि उघड्या अंगाने वार्ताहरांसमोर उभा राहिला. “सतरा,” तो म्हणाला. “लिहून घ्या. मी मोजलेत. उत्तम चाललंय म्हणणाऱ्या या साहेबांना खिडकीशी एक दिवस बसवा.”

मग लेनोरा पुढे झाली. “बावीस वर्षं मी भलत्याच माणसावर रागावले होते,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि होडीच्या पुढच्या टोकाशी असलेली स्वतःची जागा भावाला देऊन ती मागे सरकली.

बारा खांद्यांनी होडी उचलली. तेरावा खांदा, ऑरिनचा, त्यांच्या पुढे होता. वरच्या पाण्यात ती उतरली तेव्हा ऑरिन काठावरच थांबला. लेनोराने वल्हं त्याच्या पुढ्यात धरलं.

“बस, दादा. आईचे ते दिवस मला एकेक करून सांग... आपल्या गावापर्यंत अजून अकरा दिवस आहेत.”