चाचणी केली : दीनानाथ

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा; पटवायची मला हौस नाही.

गेल्या नोव्हेंबरातला रविवार. दुपारचे दोन. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीचं ऑफिस. मी तिथे नोकरीला. त्या दुपारी एकटीच होते.

सर्व्हरचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवा टाकायचा होता. त्यावर चालणारं रूटिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुनं. लाईन तुटली की जुना कर्नल त्याला कळवायचा, मग ते दुसऱ्या रस्त्याने डेटा पाठवायचं. नवा कर्नल कळवेल का, हे आधी तपासावं लागतं.

ते काम आमच्या दीनानाथ सरांचं. जादाच्या मशीनवर कर्नल टाकायचे आणि मेथी-भाकरी खाता खाता, तेलकट बोटांनी केबल उपटून बघायचे. मला शिसारी यायची. पण न तपासता त्यांनी कधी काही पुढे जाऊ दिलं नाही.

त्याआधीच्या मार्चमध्ये सर वारले.

'चाचणी कोणी केली' हा रकाना भरल्याशिवाय आमचा फॉर्म पुढे सरकत नाही. सरांचं नाव यादीतून कोणी काढलंच नव्हतं. मी चाचणी केली नाही. त्यांचं नाव निवडलं आणि कर्नल टाकून मोकळी झाले.

वीस मिनिटांनी फोन. वाघोलीच्या एका दवाखान्यातली नर्स बोलत होती.

"मॅडम, इंटरनेट बंद आहे. पेशंटचे रिपोर्ट जात नाहीयेत."

माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं. मेलेली लाईन सॉफ्टवेअरला जिवंत दिसत होती.

तेवढ्यात सर्व्हरच्या पंख्यांची घरघर ऐकू येईनाशी झाली...

टक.

केबल उपटल्याचा आवाज. सर्व्हर रूममधून.

रूमला कुलूप होतं. किल्ली माझ्या हातात.

टक... टक...

आणि वास आला. नासलेल्या मेथीचा.

दार उघडलं. आत कोणी नाही. जादाच्या मशीनच्या तीन केबल जमिनीवर पडलेल्या. उचलल्या, तर टोकं तेलाने बुळबुळीत... आणि कोमट. बोटांना हिरवी बुरशी चिकटली. मी तिथेच ओकले.

कसाबसा जुना कर्नल परत टाकला. डेटा दुसऱ्या रस्त्याने वळला, दवाखान्याचं इंटरनेट सुरू झालं.

सोमवारी मालकांना, वरद सरांना, केबलचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म बघितला.

"चाचणी दीनानाथांच्या नावावर आहे ना? मग चूक त्यांची, असं दवाखान्याला लिहून द्या. ते गेलेत हे तिकडे कोणाला ठाऊक आहे?"

"सर, पण..."

"ते काही खुलासा मागायला येणार नाहीत, आम्रपाली."

आणि मी दिलं लिहून. बुरशीची किळस दोन दिवसांत गेली असती. ही माझी मलाच आलेली किळस आहे, ती जात नाही. पत्र मागे घ्यायला हवं, कळतं. अजून घेतलेलं नाही.

काल ऑफिसात डबा उघडला. सकाळी मीच बटाट्याची भाजी भरली होती.

आत मेथी होती... कोमट.

दोन घास कोणीतरी खाल्ले होते. उरलेली माझ्यासाठी ठेवली होती.