ताणाला उघडणारं दार

काचेच्या बशीत उंदराची रक्तवाहिनी होती, केसाहून जराशी जाड. डॉ. इंदुमती कदवेकरांनी पंपाने तिच्यात दाब वाढवला. साधी वाहिनी असती तर आवळून बसली असती. ही मात्र ऐसपैस रुंद झाली आणि दाब खाली आला.

"बघा उपासनी! याच्यापायी माझे डोळे अधू झाले. आता रक्तदाबाने लोकांचे मेंदू फुटायचे थांबतील."

मिरजेच्या या प्रयोगशाळेत भास्कर उपासनी काळ्या केसांनी आला होता. आता टक्कल पडलं, तरी बाईंशी उभ्यानेच बोलायचा.

रक्तवाहिनीच्या स्नायूत पेशीपेशीला बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडलं की स्नायू सैल पडतो. इंदुमतीबाईंनी नवं दार घडवलं, क्षारद्वार. ताण पडला की ते आपोआप उघडायचं. ते घडवण्याची आज्ञा एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर लादली, की जिभेवर एक थेंब पुरे. जन्मभराचं काम.

"जन्मभराचं कशाला पण?" उपासनी म्हणाला. "वर्षभर टिकेल असं करू. काही बिघडलं तर उतरेल तरी."

"आणि वर्षाने लोक येतील पुन्हा? गोळी विसरतात आणि लोणचं बरोबर आठवतं त्यांना. जन्मभराचंच."

चाचण्या झाल्या. पुरुषांवर झाल्या, पाळी गेलेल्या बायकांवर झाल्या. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना नियमाने बाहेर ठेवलं. म्हणे त्यांच्या काळजीपोटी. तपासायचंच नाही, ही चांगली काळजी! तान्ह्या मुलींना मात्र परवानगी मिळाली, कारण तान्ही बाळं काही गरोदर राहत नाहीत. लोकांनी सुईला घाबरू नये म्हणून बाईंनी शक्कल काढली. घुटीसारखा थेंब, सोन्याच्या अंगठीने, घरातल्या थोरल्या बाईच्या हातून. दोन वर्षांत आसपासच्या गावांतलं एक बाळ सुटलं नाही.

मग बाईंची लेक केतकी. लग्नानंतर तिचा रक्तदाब चढलेलाच. असल्या अंगाने पोटुशी राहिली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"तिच्या वयाच्या बाईवर तपासलेलं नाही, बाई," उपासनी म्हणाला.

"माझी पोर आहे. मी देईन आणि मीच बघेन."

थेंब दिला. रक्तदाब असा उतरला की केतकीला दिवस राहिले आणि ती नऊ महिने हसतखेळत वावरली. फक्त दिवस भरून गेले तरी कळा येईनात. सुया झाल्या, सलाइन झाली, पोट ढिम्म. शेवटी डॉ. शबनम इनामदारांनी पोट उघडून बाळ काढलं.

"मुलगी!" नर्सने दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली. "आजीबाई, काढा अंगठी!"

इंदुमतीबाईंनी थेंब अंगठीच्या कडेवर घेतला आणि नातीच्या जिभेला लावला. बाळाने मिटक्या मारल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उपासनीने पेढ्यांचा पुडा सोडला.

तेवढ्यात शबनम बाहेर आल्या. कोपरापर्यंत रक्त.

"बाई, गर्भपिशवी आवळत नाहीये. बाळ निघालं की ती मुठीसारखी घट्ट व्हायला हवी, तेव्हा रक्त थांबतं. माझ्याकडची सगळी औषधं संपली. असं कधी पाहिलं नाही मी. काय दिलंयत हिला?"

उपासनीच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"बाई... रक्तवाहिनीचा स्नायू आणि पिशवीचा स्नायू एकाच जातीचा."

"आतड्याचाही तसलाच," इंदुमतीबाई तोडून बोलल्या. "त्याला काही झालं नाही."

"आतडं एवढं ताणत कुठे? पिशवी ताणते. बाळाने ताणली, दार उघडलं, म्हणून कळा आल्या नाहीत. आता आत रक्त साठतंय. साठलं की ताण, ताण की दार उघडं, उघडं की पिशवी अजून सैल."

"मग बंद करा ते दार!" शबनम ओरडल्या.

बंद करायचं औषध इंदुमतीबाईंनी केलंच नव्हतं.

"पिशवी काढ," त्या म्हणाल्या. "माझी पोर जगव."

शबनम आत पळाल्या. दुपार उलटल्यावर त्यांनी दारातूनच मान हलवली. केतकी जगली होती. पुन्हा मूल होणार नव्हतं.

उपासनी बाकावर बसला. बाईंसमोर पहिल्यांदाच. तो पाळण्याकडे बघत होता. बाईंनीही बघितलं. पोर गुलाबी, गरम, टवटवीत. दोन वर्षांतली गावोगावची प्रत्येक पोर अशीच गुलाबी होती. एक दिवस त्या मोठ्या होतील, त्यांच्या पोटी बाळं येतील, आणि तीही पिशवी ताणतील.

नर्स हसत आली.

"बाई, पलीकडच्या खोलीत मुलगी झालीय. तिच्या आजीकडे सोनं नाही हो. तुमची अंगठी द्याल जरा? तुमचा हातगुण म्हणतात."

इंदुमतीबाईंनी हात पदराखाली घेतला.

"द्या की, बाई. पोर जागी आहे."

पदराखालची मूठ काही केल्या उघडेना.