चतुर्दशीचं पान

“हे पान कुणाचं, वैनी?”

पद्मजाचा प्रश्न पाठीवर आदळला आणि जानकीच्या हातातला तांब्या गच्चीच्या कठड्यावर खणकन आपटला. कठड्यावर केळीचं पान होतं. पानावर वडे, तांदळाची खीर, काळ्या वाटाण्याचं सांबार... आणि गच्चीच्या दारात, उन्हात घालायला आणलेली गोधडी खांद्यावर घेऊन, धाकटी जाऊ उभी होती.

“कावळ्याला घातलंय गं. पितृपक्ष चाललाय ना,” जानकी कशीबशी म्हणाली.

“ते मला नका शिकवू. मामंजींचा म्हाळ अष्टमीला झाला. उद्या सर्वपित्री. आज चतुर्दशी! आमच्या आबाकाकांना डुकराच्या शिकारीत गोळी लागली, तेव्हापासून माझ्या माहेरी आजच्या दिवशी पान काढतात. हत्याराने गेलेल्यांचा दिवस हा. आपल्या घरात हत्याराने कोण गेलं?”

जानकीने पदर कपाळावर पुढे ओढला. तिथे रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं, आणि पद्मजाचे डोळे नेमके त्याच्यावरच खिळले होते.

दरवर्षी जानकी देवळात जाते असं सांगून डबा घेऊन खाडीकडे जायची. खारफुटीच्या कडेला पान मांडायची, हात जोडायची आणि कोरड्या डोळ्यांनी परत यायची. यंदा गुडघा सुजला होता. विक्रोळीच्या त्या चिखलापर्यंत जाववेना. म्हटलं, चार जिने चढून गच्चीवर घालू, कोण बघतंय! पण चार मजल्यांच्या इमारतीत एकट्याने पाप करायची सोय नसते, पुण्य करायची तर मुळीच नसते.

कन्नमवार नगरातल्या त्या घराच्या दारावर पाटी होती ती दशरथ परब आणि नंदकिशोर परब अशी. त्यातला दशरथ, जानकीचा नवरा, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेला तो परतलाच नव्हता. तरी पाटीवर त्याचं नाव पहिलं. नंदूच्या लेकीच्या, अनुपमाच्या लग्नपत्रिकेतही निमंत्रक म्हणून पहिलं नाव त्याचंच. लढाईत ‘बेपत्ता’ झालेला माणूस मेला असं थोडंच म्हणता येतं! निदान त्याची आये म्हणू देत नसे. त्र्याऐंशी वर्षांची ती म्हातारी, दृष्टी गेलेली, खिडकीपाशी खाटेवर बसून आल्यागेल्याला ठणकावून सांगायची, “माझो झील येतलो!” लेक येणार म्हणजे येणारच.

खाटेखाली पत्र्याची पेटी होती. तीत दशरथची पत्रं, सेन्सॉरने मधल्या मधल्या ओळी काळ्या केलेली. तिथल्या कुठल्याशा म्हातारीने त्याला दिलेली पोवळ्याची माळ. एक रेशमी रुमाल, ज्याला आता फक्त डांबरगोळीचा वास यायचा. दर संकष्टीला चंद्रोदय झाला की आये म्हणायची, “वाच गो एक.” आणि जानकी वाचायची. अक्षरं ती शिकली होती तीच मुळी या पत्रांसाठी, भातुकलीतून उठून थेट संसारात आलेल्या वयात.

आणि ज्या वर्षी ती धड वाचायला शिकली, त्याच वर्षी पत्रं यायची थांबली...

दशरथ लढाईत गेल्याचा इंग्रजीतला सरकारी कागद आला तो गावच्या पोस्टमास्तरांनी तिलाच वाचून दाखवला. घरात सासऱ्यांचं तेरावं नुकतंच झालेलं, आये तापाने फणफणलेली, वैद्य सांगून गेलेले की हिला आता साधा धक्कासुद्धा सोसायचा नाही. त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने पोस्टमास्तरांचे पाय धरले. “बेपत्ता म्हणा, मास्तर! तेवढंच म्हणा!” त्या भल्या माणसाने तेवढंच म्हटलं. पलटणीतून येणारे पैसे बेपत्ता माणसाच्या घरालाही मिळतात, हेही त्यांनीच गावाला पटवलं. आणि जानकीच्या अंतःकरणातला तो आकांत तिच्या अंतःकरणातच गाडला गेला! बांगड्या फुटल्या नाहीत, कुंकू पुसलं गेलं नाही, आणि डोळ्यांतून टिपूस काढायची मुभाही उरली नाही. दर वटपौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळायची. बायका सात जन्म मागायच्या, आणि हिचा याच जन्मातला हिशेब केव्हाच संपलेला...

“बोला ना, वैनी!” पद्मजा खेकसली. मग तिने गोधडी तिथेच टाकली आणि जिना उतरत हाक मारली, “अहो! ऐकलंत का? वर या आधी!”

“पद्मजा, थांब गं! हळू...!”

पण जानकी तिच्यामागून घराच्या दारापर्यंत उतरली तोवर नंदू उठून आला होता. रात्रपाळी करून नुकताच डोळा लागला होता त्याचा. गिरणीचा संप विझल्यापासून एका वर्कशॉपमध्ये तो मिळेल ती पाळी करत होता. बायकोचं बोलणं त्याने उंबरठ्यावरच ऐकून घेतलं, आणि लालभडक डोळ्यांनी जानकीकडे पाहिलं. याच दिराला तिने आठव्या वर्षापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

“वैनी, दादा गेलाय? तुला ठाऊक होतं?”

“आत आये आहे, नंदू. तुझ्या पाया पडते, हळू बोल...”

“ठाऊक होतं की नाही, तेवढं सांग!”

जानकीने मान खाली घातली. तेवढंच पुरलं.

“म्हणजे मी पागल! येईल त्या फौजीला विचारत फिरलो, आमचा दादा दिसला का, आमचा दादा दिसला का... आणि तू गप्प! अगं, त्याला तिळाचं पाणी द्यायचा हक्क माझा होता ना? चाळीस वर्षं माझा भाऊ तहानलेला ठेवलास तू! कशासाठी? कुंकवासाठी? हळदीकुंकवात मिरवायला मिळावं म्हणून?”

“तेच म्हणते मी,” पद्मजा पुटपुटली. “माझ्या अनूची पहिली हळद यांनी लावली. सवाष्ण म्हणून!”

घाव वर्मी बसला. जानकीच्या ओठांपर्यंत शब्द आले... सांगावं का, की हे कुंकू लावताना रोज बोटाला चटका बसतो? सांगावं का, की कुणाच्या तरी गळ्यात पडून एकदाच, एकदाच मोठ्याने रडण्यासाठी हे सारं सौभाग्य मी ओवाळून टाकलं असतं? पण भिंतीपलीकडे ती म्हातारी होती. तिचा ‘येतलो’ हा एक शब्द मोडला, तर ती मोडेल. या वयात परत जुळायची नाही. तेव्हा जानकीने डोळे मिटले आणि म्हटलं,

“हो. कुंकवासाठीच. माझं चुकलं, नंदू. पण आयेला सांगू नको. मला हवं तर घराबाहेर काढ...”

“नंदू!” आतून आवाज आला. बारीक, पण चिरत जाणारा. “माझ्या सुनेक भितुर घेवन ये.”

आयेचा आवाज! ऐकलं! सगळं ऐकलं! जे जपण्यासाठी एवढा जन्म जाळला, ते शेवटी एका गोधडीपायी उघडं पडलं! ती धावत जाऊन खाटेशी कोसळली.

“आये, नंदू कायतरी बरळता, तू मनाक लावून घेव नको...”

म्हातारीने हवेत चाचपून तिचा चेहरा धरला.

“गप. माका ठावक होता.”

“काय... काय ठावक होता?”

“सगळा. पयली तू कागद वाचीस, आणि ‘सौ. जानकीस’ ह्यां इला की अडाखळीस. लाजीस. मी आंधळा नव्हतंय तेव्हा, तुझे कान तांबडे झालेले बघी. माझो ताप उतारल्यार तू परत वाचूक बसलंस... आणि पोथी वाचतत तसा सरळ वाचून गेलंस. खंय अडाखळाक नाय, लाजाक नाय. तेव्हाच माका समाजला, माझो दशरथ गेलो.”



“मग... मग तू बोलाक कित्या नाय, आये?”

“बोलान काय करू? तुझ्या सासऱ्याच्या दिसा माझे बांगडये व्हाळार नेवन दगडान फोडले. तू वयीच्या कुंपणाआड उभा ऱ्हवान बघी होतंस, थरथर कापी होतंस. चेडू माझ्या झिलाच्या पाठसून आमच्या घरात इला... म्हटला, मी रडलंय तर सगळो गाव रडात, आणि रडलो की दगड घेवन ह्या चेडवाच्या हाताकडे येतलो. म्हणान आरडत ऱ्हवलंय, येतलो, येतलो...”

एकीने आईची आशा तुटू नये म्हणून कुंकू वागवलं होतं. दुसरीने पोरीचं कुंकू राहावं म्हणून लेकाचा शोक गिळला होता! एका खोलीत, हातभर अंतरावर निजून, दोघी एकमेकींना इतकं जपत आल्या होत्या की दोघींचाही माणूस कुणी न रडताच निघून गेला होता...

नंदू तसाच खाली बसला. त्याने जानकीच्या पावलांवर डोकं ठेवलं, ओक्साबोक्शी रडताना त्याच्या तोंडून फक्त “वैनी... वैनी...” एवढंच निघत होतं. जानकीने सवयीने त्याच्या केसांतून हात फिरवला, आता त्या केसांत पांढरंच जास्त होतं. पद्मजा दाराला टेकून उभी होती. मग ती म्हणाली,

“पान वर तसंच आहे, वैनी. मी दुसरं वाढते, खीर गरम करून. अहो, उठा, अंघोळ करून घ्या. भटजी नसले तरी तीळ आहेत घरात.”

क्षमा मागण्याची एवढीच रीत तिला येत होती, आणि जानकीला ती पुरेशी वाटली.

ती दोघं स्वयंपाकघरात गेली तेव्हा जानकीने पदराचं टोक हाताला गुंडाळलं आणि कपाळाकडे नेलं. आता कुणासाठी ठेवायचं? पण दिसत नसूनही म्हातारीला कसं कळलं कोण जाणे, तिने खसकन तिचं मनगट पकडलं.

“ऱ्हवांदे. तां आता त्येचा नाय. तां माझा असा. मी गेलंय की मगे पूस.”

आणि तेव्हा जानकीचा बांध फुटला. सासूच्या मांडीत तोंड खुपसून ती रडली, हंबरडा फोडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पर्वा न करता. म्हातारीच्या निर्जल डोळ्यांनाही कुठून कोण जाणे पाणी आलं होतं. ते सुनेच्या केसांत ठिबकत राहिलं. आतून डबे उघडल्याचा आवाज येत होता. नंदूला तीळ सापडत नव्हते आणि पद्मजा त्याला हळू आवाजात रागावत होती.

खूप वेळाने आयेने विचारलं. इतक्या हळू, की जे विचारायला तिने अर्धा जन्म वाट पाहिली होती तेच विचारायची तिला भीती वाटत असावी.

“जानके... त्येका लय दुखला असात काय गो?”

कागदात तसलं काही नव्हतं. नाव होतं, नंबर होता, तारीख होती. जानकीने नाक पुसलं.

“नाय, आये. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवल्यानी माका. त्येका काय कळाक पण नाय. झोपेत असल्यासारखो गेलो.”

म्हातारीचा हात तिच्या केसांत थांबला.

“खोटा बोलतंस.”

“होय, आये.”

“बरा बोलतंस,” म्हातारी म्हणाली, आणि डोकं मागे भिंतीला टेकवून तिने डोळे मिटले. “परत एकदा सांग.”