तिसऱ्या मजल्यावरचा नळ

दार लोटून घ्या, आणि मधेच खिदळायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. नळदुरुस्ती करायचा तो. हातात सदा पाना, म्हणून आम्ही त्याला पान्याच म्हणायचो. भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता त्याचा. "माणूस थापा मारतो, पाणी नाही मारत," म्हणायचा. "दाब असेल तेवढंच चढतं."

जानेवारीची सतरा तारीख, गुरुवार. पान्या दुकान बंद करत होता, तेवढ्यात एक निवृत्त मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवलेले. म्हणाले, "आमचा नळ रात्री आपोआप सुरू होतो. पावणेतीनला. येऊन बघाल?"

वॉशर गेला असेल, असं म्हणून पान्या गेला.

मास्तर राहायचे तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवर टाकी नाही, रस्त्यातल्या पाइपातून थेट पाणी. दिवसा खालच्यांचे नळ उघडे असले की वर नुसती हवा फुसफुसायची. सगळे झोपले की दाब वाढायचा आणि वर करंगळीएवढी धार यायची. तेव्हा मास्तरांची बायको उठायची, भांडी भरायची. अकरा वर्षं तिने हेच केलं. दोन महिन्यांपूर्वी ती गेली.

पान्याने तळमजल्यावर दाबाचं मीटर लावलं. पाणी दहा मीटर चढायला एक किलो दाब लागतो. काटा पाव किलोच्याही खाली होता. त्या आठवड्यात पलीकडच्या चौकात मोठा पाइप फुटला होता ना.

"मास्तर, आज पाणी पहिल्या मजल्यावरसुद्धा चढायचं नाही. झोपा तुम्ही."

"थांबा जरा," मास्तर म्हणाले.

दोघं बाहेरच्या खोलीत बसून राहिले. दिवा मालवलेला.

पावणेतीन वाजले.

स्वयंपाकघरात धार पडायला लागली. बादलीत. भांडं भरत आलं की आवाज कसा बारीक होत जातो, ठाऊक आहे ना? तसा होत गेला. मग थांबला. बादली सरकवल्याची खर्र... आणि पुन्हा जाडा आवाज. रिकाम्या पातेल्यातला.

पान्या धावत खाली गेला. मुख्य व्हॉल्व्ह गच्च आवळला. मीटर बघितलं. काटा शून्यावर. वर आला.

आवाज चालूच.

त्याने दार ढकललं. नळ कोरडा. मोरी कोरडी. खाली बादली... काठोकाठ भरलेली. आणि पातेल्यात पाणी चढत होतं. धार नव्हती. नुसतं चढत होतं.

पान्याने पाना उचलला. "मास्तर... हा नळ मी काढून टाकतो. भोक बुजवतो. आत्ताच."

"नको, नको!" मास्तरांनी त्याचा हात धरला. "बंद करायला नाही हो बोलावलं तुम्हाला."

"मग?"

मास्तरांनी नळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आयुष्यभर फळ्यावर पाण्याचा दाब शिकवला मी. घरात एकदाही उठलो नाही. ती म्हणायची, तुम्हाला सकाळी शाळा आहे, झोपा. त्या रात्री पाणी पलंगाखाली आलं, चपला भिजल्या, तेव्हा कुठे मला जाग आली. ती इथेच पडली होती. नळ चालू होता..."

पातेल्यातला आवाज बारीक होत होता.

"धार मोठी करता येईल का? लवकर भरून होईल तिचं. जरा आडवी होईल तरी."

शुक्रवार-शनिवार राबून पान्याने गंजून अर्धा बुजलेला जुना पाइप काढला आणि तळापासून वरपर्यंत रुंद पाइप टाकला.

रविवारी सकाळी नऊला मास्तर दुकानात आले. डोळे सुजलेले. "अर्ध्या तासात आवाज थांबला काल," एवढंच म्हणाले आणि त्याला घरी घेऊन गेले.

आतल्या खोलीत पलंगावर दोन उशा होत्या. भिंतीकडची मास्तरांची. दुसरीला दोन महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

तिच्यात डोक्याएवढा खळगा पडला होता.

पान्याने त्यावर तळहात ठेवला.

अजून ऊब होती.