खुंटीवरचा निळा मग

एमेट आला तो मागच्या दारातून. बाहेर पाऊस, आत पाहुण्यांच्या जेवणाची घाई, आणि त्या दिवशी रुजू होणाऱ्या मदतनिसाचा पत्ता नव्हता. दारात नखशिखांत भिजलेला माणूस दिसला, तसा मी त्याच्या हातात सुरा दिला आणि बटाट्यांचं पोतं दाखवलं. अर्धं पोतं निमूट सोलून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “बाईसाहेब... माझी खोली कुठली?”

अगं बाई, पाहुण्यालाच कामाला जुंपलं होतं मी. बेरिल आत्या दोन दिवस हसत होती.

आत्याचं हे तळ्याकाठचं लॉज मेमध्ये उघडतं आणि ऑक्टोबरात बंद होतं. मग ती फ्लोरिडाला जाते. गोठलेल्या तळ्याला सोबत म्हणून मी एकटी उरते. जो पाहुणा दुसऱ्यांदा येतो, त्याच्या नावाचा चहाचा मग जेवणघरात खुंटीवर लागतो. पुन्हा यायचं नसेल, तर जाताना त्यानं आपला मग न्यायचा. कुणी कारण विचारत नाही.

एमेटचा मग निळा. जुलैतला एक आठवडा तो यायचा, हौसेनं बटाटे सोलायचा आणि माझ्या सूपमध्ये मीठ जास्त म्हणायचा. तरी दोन वाट्या संपवायचा मेला.

यंदा जुलैत येऊन गेला, तरी हंगामाच्या शेवटच्या सुट्टीत पुन्हा हजर. तळं गोठायच्या आत होड्यांचा लाकडी धक्का पाण्यातून ओढून काढायला मदत करतो म्हणाला. थंडगार पाण्यात गुडघाभर उभा राहून त्यानं सांगितलं, की तिकडे लांब व्हँकूव्हरच्या एका होडी-कारखान्यानं सुतार म्हणून कायमचं बोलावलंय, सोमवारी उत्तर द्यायचंय.

“जाऊ?” फळ्या त्याच्या हातात होत्या, पण बघत होता माझ्याकडे.

“जा की... मी कोण अडवणार?”

जीभ झडली असती तर बरं, असं रात्रभर वाटत राहिलं.

सोमवारी सगळे पाहुणे गेले. एमेट गाडीत सामान भरत होता. मी जेवणघरात आले, तर त्याची खुंटी रिकामी. तिथेच खुर्चीत बसून रडले. तीन वर्षं जुलैची वाट बघितली, आणि तोंडातून निघालं काय, तर ‘जा की’.

पण नळांतलं पाणी काढायलाच हवं होतं, नाहीतर थंडीत पाइप फुटतात. डोळे पुसून स्वयंपाकघरात गेले. चुलीजवळ घरच्यांच्या एरवी दोनच खुंट्या. एक आत्याची, एक माझी. आज तिसरी होती. तिच्यावर निळा मग, माझ्या मगाला टेकून.

मागच्या दारात एमेट उभा होता. “पाहुणा म्हणून आता यायचा नाही मी, नोरीन. गावातल्या होडीवाल्याकडे हिवाळाभर काम आहे, कालच विचारून आलो. तू नको म्हणालीस, तर हा मग घेऊन व्हँकूव्हरला जातो.”

“खुंटी तिरकी ठोकलीस. सुतार ना तू?”

“तू यायच्या आत घाईनं ठोकली.”

“राहू दे तशीच,” मी म्हटलं. “आणि तूही राहा... माझं प्रेम आहे तुझ्यावर, गाढवा.”

त्यानं माझा ओला हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. जो नळ हिवाळ्यासाठी बंद करायला मी आले होते, तोच सोडला आणि दोघांसाठी चहाचं आधण ठेवलं.