खाडीकडचा तुकडा

खोटं वाटेल, पण यातला एक शब्दही मी वाढवून सांगत नाहीये. उलट, इतके दिवस लपवतच होते.

रात्र नव्हती. रविवार, सकाळचे नऊ. लख्ख ऊन.

समुद्रकाठच्या राखीव जागेत आम्ही काही जण दर रविवारी घाणेरी उपटायला जायचो. बाहेरून आलेलं हे झुडूप तिथली मूळची झाडं गिळून टाकतं. आमचे म्होरके मास्तर. निवृत्त शिक्षक, वय सत्तर.

"वरवर छाटू नका गं! मुळासकट काढा. मुळं उन्हाकडे करून ठेवा, नाहीतर मेली परत धरतात."

आदल्या रविवारी खाडीकडचा तुकडा माझ्याकडे होता. हात सोलवटलेले, अंगात त्राण नाही. मी नुसतं वरून छाटलं.

"झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मुळासकट!" मी ठोकून दिलं.

बुधवारी मास्तर एकटेच तिकडे गेले. भरती आली. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह सापडला...

ते तिथे कशाला गेले, कुणालाच कळेना.

मला सोडून.

म्हणून त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी कुदळ घेऊन निघाले. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "मास्तरांना बाहेर आणल्यापासून आत कुणीच गेलं नाही, ताई."

वारा पडला होता. एकही पक्षी ओरडत नव्हता.

आणि झुडपापलीकडून आवाज आला...

खच्च.

थोडा वेळ काही नाही.

खच्च.

मग मूळ तटकन सुटल्याचा आवाज. आणि धाप... म्हाताऱ्या माणसाची.

"कोण आहे?"

सगळं एकदम बंद.

मी वळसा घालून पलीकडे गेले. कुणी नव्हतं. चिखलात पावलं होती, ती फक्त माझी.

पण अर्धा तुकडा साफ झाला होता. मुळं उन्हाकडे करून ओळीत ठेवलेली. अजून ओली...

कुदळ तिथेच टाकून मी थेट मास्तरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, खिडकीशी बसल्या होत्या.

"काकू, मी खोटं बोलले होते. माझ्यामुळेच ते तिकडे गेले."

"ठाऊक आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "मला म्हणाले ना ते, पोर दमली असेल, मीच उरकतो."

"कधी म्हणाले? बुधवारी?"

"छे गं. आज सकाळी."

माझ्या तोंडून निघालंच, "माझ्यावर रागावलेत का?"

काकूंनी जरा विचार केला.

"नाही गं. दमलेत मात्र फार."

याला आता तीन महिने झाले. तिकडे जायचा धीर होत नाही...

आणि घरी बसवतही नाही.