बक्कल नंबर चौदाशे बासष्ट

वारज्यातल्या आमच्या खोलीची वीज आठवड्यातून चारदा जायची, म्हणून श्रावणातल्या एका रविवारी मी जुन्या बाजारात बॅटरी शोधत होते. दोन हजार तीन साल. हिंजवडीत नोकरी लागून तीन महिने झाले होते, घरून, दारव्ह्याहून, आणलेली ट्रंक अजून पुरती उघडलीही नव्हती. एका गोणपाटावर कुलपं, इस्त्र्या, बंद घड्याळं मांडली होती आणि त्यांच्यात हातभर लांब अशी पितळी बॅटरी. मी ती उचलली. चांगलीच जड होती.

"जरा बघू का?" शेजारून कोणीतरी विचारलं.

पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, डोळे माझ्याकडे नाहीत... बॅटरीकडे. मी ती छातीशी धरली.

"तुमचीच आहे," तो म्हणाला. "मला फक्त बुडाचा नंबर बघायचाय."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, बूड रुमालाने पुसलं, कोरलेले आकडे अंगठ्याने चाचपले आणि खिशातल्या वहीत उतरवून घेतले. ही पोलिसांची बॅटरी, त्याने सांगितलं; हा आकडा म्हणजे ती वापरणाऱ्या शिपायाचा बक्कल नंबर. खटका गंजलाय, त्यामुळे पेटायची मात्र नाही.

"म्हणजे मी खाली ठेवली की तुम्ही घेणार."

"हो."

पुण्यात आल्यापासून इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मी बॅटरी त्याला देऊन टाकली. त्याने मला पत्ता दिला — वारज्यातलं विजेच्या सामानाचं दुकान. तिथे पेटणारी मिळेल, म्हणाला.

दुकान त्याचंच निघालं. नाव रविराज. मूळ वारजे गावचाच. वडिलांच्या, गेनबांच्या, शेतावर आता इमारती उभ्या होत्या; राहिला होता एक तुकडा आणि चार म्हशी. दुकानामागच्या खोलीत फळ्यांवर चाळीस बॅटऱ्या ओळीने ठेवलेल्या. दोन सेलच्या, तीनच्या, पाचच्या. काही पितळी, काही निकेल चढवलेल्या. प्रत्येकीचं वहीत एक पान होतं. कुठली चौकी, कोणाच्या हातात होती, तो माणूस आता कुठे आहे. निवृत्त हवालदारांची घरं शोधत तो शहरभर फिरायचा, तासन्‌तास त्यांचं ऐकत बसायचा. पुष्कळदा बॅटरी मिळायचीच नाही. तरी पान लिहिलं जायचं.

"मग फेरी फुकटच गेली की," मी एकदा म्हणाले.

"का? माणूस भेटला ना."

मी त्या दुकानात वारंवार जाऊ लागले. निमित्त घड्याळाच्या सेलचं. एके दिवशी त्याने काउंटरवर सेल ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "महिन्यात तीन सेल खातं... घड्याळ आहे की गिरणी?"

"जुनं आहे हो ते."

"मागच्या वेळी नवीन होतं."

माझे कान तापले. तो मात्र सुट्टे मोजत होता — नको इतक्या लक्षपूर्वक.

पुढे मी त्याच्या बॅटऱ्यांसाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं. ऑफिसातल्या मैत्रिणीचा कॅमेरा आणला, प्रत्येकीचा फोटो काढला, खाली वहीतला मजकूर टाकला. सर्वांत वर त्याची लाडकी होती. पाच सेलची, बक्कल नंबर १४६२, गळ्याशी खोल पोचा पडलेली. हिच्या मालकाचा पत्ता काही लागला नव्हता. हा पोचा चोराच्या पाठलागात पडला असणार, असं रविराज सगळ्यांना छाती फुगवून सांगायचा.

मार्चमध्ये त्या पानावरून एक मेल आली. खडकवासल्याच्या मंदाकिनीबाई, निवृत्त शिक्षिका. चौदाशे बासष्ट हा माझ्या वडिलांचा नंबर, एकदा ती बॅटरी पाहायला मिळेल का, एवढंच विचारलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून गेलो. बॅटरी माझ्या मांडीवर, कापडात गुंडाळलेली. बाईंनी ती हातात घेतली, बोट थेट पोच्यावर ठेवलं आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सात वर्षांच्या असताना त्यांनीच ती दगडी पायऱ्यांवरून पाडली होती. वडिलांनी चौकीत सांगितलं, माझ्याच हातून पडली. साहेबांची बोलणी खाल्ली, पण लेकीचं नाव घेतलं नाही.

चोराची गोष्ट अशी बघता बघता गेली. मला वाटलं, रविराज खट्टू होईल. तो तर खुर्ची पुढे सरकवून बसला आणि वडील कसे बोलायचे, कुठली गाणी गुणगुणायचे, गस्तीहून आल्यावर आधी काय करायचे, असं तासभर विचारत राहिला. सगळं लिहून घेतलं. निघताना त्याने बॅटरी बाईंच्या मांडीवर ठेवली. त्या नको नको म्हणत राहिल्या.

"गोष्ट मिळाली मला," तो म्हणाला. "बॅटरी तुमच्या घरची आहे."

मी त्याच्याकडे पाहत राहिले, ते चपला घालायचंही विसरून.

परतताना धरणाकाठी भज्यांच्या गाडीशी थांबलो. पाण्यावरून वारा येत होता. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. पुढच्या रविवारी मला बघायला नागपूरचा मुलगा येतोय, मी सांगितलं. सॉफ्टवेअरमधला, लवकरच अमेरिकेला जाणारा.

"चांगलंय," तो कागदातल्या मिरचीला म्हणाला.

"मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही... काय म्हणता?"

त्याने बोटं रुमालाला पुसली. मग एकदम, गावाकडच्या बोलीत, "मी बारावी हाय."

"माहीत आहे."

"पहाटे उठावं लागतं. म्हशी हायत."

"नावं आहेत त्यांना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि मग एकेकीचं नाव, स्वभाव, खोड्या सांगू लागला... भजी गार झाली तरी सांगतच होता. मला माझं उत्तर मिळालं होतं.

वारज्याला पोचल्याबरोबर मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. बाबांनी शिक्षण विचारलं, शेती विचारली, जात विचारली. मी सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "अन् तुले काय आवडलं त्याच्यात?"

मी खडकवासल्याची सगळी हकिगत सांगितली. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "नागपूरवाल्यांले मी कळवतो. त्या पोराले घेऊन ये एकदा. पाहू तर दे."

बाहेर रविराज भिंतीवरची शिकवणीची जाहिरात मन लावून वाचत होता.

"दारव्ह्याला बोलावलंय," मी म्हणाले. "चार दिवस मोडतील. म्हशींचं कोण बघेल?"

"आई बघेल. तिला तुमचं सांगितलंय मी."

"आत्ता? मी फोनवर होते तेव्हा?"

"नाही." त्याची नजर जाहिरातीवरच होती. "दिवाळीत."